दूध करपलं का गं?

मागच्या महिन्यात साताऱ्याहून वाईला वडापमधून येत होते. दुपारची वेळ, जीप खच्चून भरलेली, मी अगदी मागच्या बाकावर. कुठेतरी पाचट पेटवलं असावं. नीट न बसणाऱ्या काचेतून त्याचा गोडसर धूर सारखा आत येत होता. पाचवड फाटा यायच्या थोडं आधी क्लीनर पोरानं भाडं गोळा करायला सुरुवात केली. मधल्या सीटवर कडेला विशी-बाविशीचा एक मुलगा बसला होता. इस्त्रीचा शर्ट, मांडीवर कागदपत्रांची प्लॅस्टिकची फाईल. "कुठं उतरणार?" क्लीनरनं विचारलं. मुलानं उजव्या हातानं पन्नासची नोट पुढे केली आणि तो हात तसाच हवेत राहिला. मनगट आत वळलं, बोटं आखडली, नोट खाली पडली. डावा हात शर्टाच्या बटणाशी गेला आणि ते बटण चिमटीत धरून पिळत राहिला. तोंडात काही नसताना जबडा हलत होता, सुपारी चघळावी तसा. डोळे सताड उघडे. क्लीनरनं परत विचारलं, मग ओरडून विचारलं. मुलगा त्याच्याकडे बघत होता, पण बघत नव्हता.

माझ्या डोक्यात आपोआप सुरू झालं होतं. बे एके बे, बे दुणे चार.

"पिऊन आलंय," पुढून कुणीतरी म्हणालं. शेजारच्या माणसानं त्याचा दंड धरून त्याला गदागदा हलवलं, तेव्हा मुलानं न बघताच त्याला ढकललं. मग सगळ्यांचाच आवाज चढला. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. "अहो, पिलेला नाही तो," मी म्हणाले, पण इतक्या हळू की ते शेजारच्या बाईलाच काय ते ऐकू गेलं. दोघांनी काखेत हात घालून त्याला खाली उतरवलं, फाईल पायाशी ठेवली, नोट उचलून त्याच्या खिशात घातली आणि गाडी निघाली. मागच्या काचेतून तो मला दिसत राहिला. उसाच्या कडेला उभा, रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे आळीपाळीनं बघणारा, ओठ हलवणारा, शब्द न सापडणारा. त्यानं डाव्या हातानं नाक पुसलं. एकदा, मग परत एकदा. माझा नवाचा पाढा चालू होता.

मी उतरले नाही.

त्या काचेतून जे ओळखलं ते मी पाच-सहा वर्षांची असताना आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात शिकले होते. वाईत एका वाड्याच्या मागच्या अंगाला आम्ही भाड्यानं राहायचो. आई प्राथमिक शाळेत शिक्षिका, बाबा नोकरीसाठी आठवडाभर बाहेरगावी. संध्याकाळी आई ओट्याशी उभी असायची आणि मध्येच मान वळवून विचारायची, "दूध करपलं का गं?" कधी दूध स्टोव्हवर असायचं, बहुतेक वेळा नसायचं. "नाही गं आई," असं म्हणेपर्यंत ती गेलेली असायची. उभीच, पण गेलेली. उजव्या हाताच्या बोटांत पदराचं टोक, ते ती चोळत राहायची, जणू कापडाचा पोत तपासतेय. डावा हात कोपरात वाकून लाकडासारखा व्हायचा. ओठ चघळल्यासारखे हलायचे, घशाखाली काहीतरी गिळल्याचा बारीक आवाज यायचा. मी तिच्या कमरेला धरून पाढे म्हणायला लागायचे, कारण शाळेत तिनंच आम्हाला सांगितलं होतं की भीती वाटली की पाढे म्हणावेत. माझा धाकटा भाऊ स्टोव्हची हवा सोडायचा. ते त्याचं काम. नवाच्या पाढ्याच्या आसपास आई उजव्या हातानं नाक पुसायची, आणि मग आम्हाला कळायचं की ती परत आली. म्हणजे यायला लागली. पूर्ण यायला आणखी थोडा वेळ लागायचा. तेवढ्यात ती मला माझ्या मावशीच्या नावानं हाक मारायची, किंवा डब्यातले पोहे ताटात ओतून ठेवायची. आम्ही दोघं भावंडं याला "आई गावाला गेली" म्हणायचो. "आज दोनदा गावाला गेली." बाबांना आम्ही हे कधी सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे, आम्हाला वाटायचं सगळ्यांच्याच आया जातात.

पुढे कितीतरी वर्षांनी आई म्हणाली की तिलाही तसंच वाटायचं. बारा-तेरा वर्षांची असल्यापासून तिच्या पोटातून एक लाट वर चढायची, बावधनच्या जत्रेतला पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो तशी. मग तो करपलेल्या दुधाचा वास. मग हे सगळं असंच, याच क्रमानं, याच उजेडात पूर्वी घडून गेलंय अशी पक्की खूण पटायची. पुढचं तिला ठाऊक नव्हतं. पुढचं होतं हेच तिला ठाऊक नव्हतं. तिच्या दृष्टीनं पिक्चरची रीळ मध्ये तुटावी आणि चिकटवून पुढे चालू व्हावी तसं ते होतं. तुटलेला तुकडा आमच्याकडे जमा होत होता.

तसा तो शाळेतल्या मुलांकडेही होता. ती चौथीला शुद्धलेखन सांगायची. एखाद्या शब्दाच्या मध्यावर तिचा आवाज थांबायचा आणि पन्नास मुलं पेन्सिल टेकवून तशीच बसून राहायची. कुणी हसायचं नाही. वर्गाचा मॉनिटर उठून दार लोटून घ्यायचा, व्हरांड्यातून हेडमास्तर जात असले तर त्यांना दिसू नये म्हणून. मी त्याच शाळेत दुसरीत होते, मला हे एका मोठ्या मुलीनं घाटावर सांगितलं होतं, अगदी कुजबुजत, जसं एखाद्या घरातलं गुपित सांगावं. तरी एकदा हेडमास्तरांनी पाहिलंच आणि "वर्गात झोपतात" असा शेरा सेवापुस्तकापर्यंत जायची वेळ आली. आईला त्याचा अपमान फार लागला. ती रात्रभर म्हणत होती, मी झोपले नव्हते, मी झोपले नव्हते. मला माहीत होतं की ती झोपली नव्हती. मी गप्प राहिले.

आणि एक नवरात्र. वाड्यातली आरती चालू होती, कापूर, घंटा, टाळ्या. आई आरतीचं ताट धरून उभी होती आणि मध्येच थांबली. ताट मी काढून घेतलं. पण तेवढ्यात पुढच्या अंगाला राहणाऱ्या काकूंनी तिच्या कपाळावर हळदकुंकवाचा मळवट भरला आणि पाया पडून विचारायला लागल्या, आई, सुनेला मूल कधी होईल सांग. आईचे ओठ हलत होते, त्या कान लावून ऐकत होत्या. ती परत आली तेव्हा सगळ्या बायका हात जोडून तिच्याभोवती उभ्या होत्या. तिनं कपाळाला हात लावला, लाल झालेली बोटं पाहिली आणि मला विचारलं, "हे कुणी लावलं?" मला त्या काकूंचा राग येत नाही. त्यांनी निदान तिच्याकडे नीट पाहिलं, ती इथे नाही हे त्यांना कळलं. फक्त ती कुठे गेली याचं त्यांच्याजवळ एकच उत्तर होतं.

आमच्याकडे या आजाराला कितीतरी शब्द आहेत. फिट, आकडी, फेफरं, विदर्भात मिरगी. हे शब्द ऐकले की डोळ्यांसमोर येतं ते एकच चित्र: जमिनीवर पडलेला माणूस, हातपाय झाडणं, तोंडाला फेस, कुणीतरी चप्पल काढून नाकाशी धरतंय, कुणी कांदा फोडतंय. आई आयुष्यात एकदाही पडली नाही, तिच्या तोंडाला फेस आला नाही, म्हणून तिला फिट येते असं कुणाच्या मनातही आलं नाही. अशक्तपणा म्हणून लोहाच्या गोळ्या झाल्या, पित्त म्हणून सूतशेखर झालं, एका डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन "मनाचं आहे, सासरी काही त्रास?" असंही विचारलं. आणि गंमत नव्हे, मला खरंच याचं दुःख होतं, की शास्त्रातला जुना शब्द मात्र अगदी अचूक आहे. अपस्मार. त्यात पडणं नाही, झटके नाहीत. स्मृती निघून जाणं आहे. 'स्मृतेरपगमं प्राहुरपस्मारं भिषग्विदः' असं चरकसंहितेत म्हटलंय आणि पुढे त्याला 'तमःप्रवेश' म्हटलंय, अंधारात शिरणं. आई पदर चोळत उभी असायची तेव्हा याच दोन शब्दांत मावण्यासारखं काहीतरी आमच्या स्वयंपाकघरात घडत होतं. शब्द आमच्याजवळ होता, आम्ही त्याला आकडी म्हणून आखडून टाकलं.

१९९२ साली तिचा तळवा तापलेल्या तव्यावर टेकला आणि टेकलेलाच राहिला. मी नळावर होते, धावत येईपर्यंत चामडी गेली होती. ती हात भाजलेल्या जागी तशीच उभी होती, चेहऱ्यावर वेदनेची रेघही नाही, ओठ चघळत. त्या जळण्याचा वास मला अजून येतो, मी तो लिहीत नाही. त्यानंतर बाबा तिला पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले आणि मी चौदा वर्षांची असून मलाही बरोबर नेलं, कारण बाबांना काही सांगता येणार नाही हे त्यांना तोवर कळलं होतं.

डॉक्टरांनी आईला खूप वेळ विचारलं, मग बाबांना. बाबा म्हणाले, "तंद्री लागते तिला." मग डॉक्टर म्हणाले, "त्या वेळी यांच्याजवळ कोण असतं?" बाबांनी माझ्याकडे बोट केलं. त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. तोवर मला कुठल्याच मोठ्या माणसानं असं पूर्ण वळून काही विचारलं नव्हतं. कोणता हात पदराशी खेळतो? उजवा. दुसरा हात काय करतो? मी माझा डावा हात तसा वाकडा करून दाखवला. बोलते का मध्ये? कधीकधी "हो हो" म्हणते. नंतर नाक पुसते का? पुसते, उजव्या हातानं. दरवेळी उजव्याच? दरवेळी. किती वेळ चालतं? मी म्हटलं, नवाच्या पाढ्यापर्यंत. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि मला पाढे म्हणायला लावले. एका पाढ्याला बारा सेकंद. बेपासून नऊपर्यंत आठ पाढे. "दीड मिनिट," ते म्हणाले आणि लिहून घेतलं. मग आईकडे वळून म्हणाले, "बाई, तुम्हाला टेम्पोरल लोबचा अपस्मार आहे. बहुतेक उजव्या बाजूचा. आता तपासण्या करू, पण अर्धं निदान तुमच्या मुलीनं आणून दिलंय."

कानशिलाच्या आत, मेंदूच्या त्या भागात, वासाची, भीतीची, आठवणीची घरं भिंतीला भिंत लावून आहेत. विजेचा अवेळी लोळ एका खोलीत उठतो आणि शेजारच्या खोल्यांत पसरतो. म्हणून पोटात लाट, म्हणून वास, म्हणून पूर्वी घडून गेल्याची खूण. तेवढ्यावर थांबलं तर माणूस शुद्धीवर असतो आणि फक्त त्यालाच ते कळतं. पुढे पसरलं की शुद्ध हरपते, पण हातपाय आपापली जुनी कामं करत राहतात. डोक्याचा उजवा अर्धा भाग डाव्या हाताचा मालक, म्हणून तिकडचा हात आखडतो. चाळा करणारा आणि नाक पुसणारा हात मात्र बहुतेक वेळा ज्या बाजूला बिघाड असतो त्याच बाजूचा. मी वर्षानुवर्षं कशाकडे बघत होते ते त्या दिवशी मला कळलं. आजीला विचारा, डॉक्टर म्हणाले, लहानपणी तापात आकडी आली होती का. आजीला लख्ख आठवत होतं. दीड वर्षाची असताना गोवराचा ताप, अर्धा तास डोळे पांढरे, सगळ्यांनी आशा सोडली होती. तापातली आकडी आलेली बहुतेक मुलं पुढे ठणठणीत राहतात. पण इतका वेळ लांबलेली आकडी कधीकधी हिप्पोकॅम्पस नावाच्या, समुद्रघोड्याच्या आकाराच्या इवल्याशा भागावर व्रण ठेवून जाते, आणि तो व्रण दहा-बारा वर्षांनी बोलू लागतो.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद; तिची पहिली पट्टी कोरी आली. बाबांचा चेहरा उजळला, आईचा पडला. मी समजू शकते. तिला शेरा पुसायचा होता. डॉक्टर म्हणाले, हा भाग खोल आहे, कवटीवरून दरवेळी ऐकू येत नाही, कोरी पट्टी म्हणजे आजार नाही असं नव्हे. दुसऱ्या वेळी रात्रभर जागवून आणायला सांगितलं. पुण्यात काकांच्या घरी आम्ही पहाटेपर्यंत झब्बू खेळलो, आईचे डोळे मिटायला लागले की भाऊ तिच्या गालाला गार पाण्याचा हात लावायचा. सकाळी केसांत चिकट मलम, तारा, ती झोपली, आणि कागदावर उजव्या कानशिलाशी टोकदार सुया उमटल्या.

कॉलेजात असताना मी याबद्दल मिळेल ते वाचलं. लंडनचे मेंदूचे डॉक्टर ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी १८८८ मध्ये एका रुग्णाची हकीकत लिहिली, त्याला ते फक्त 'झेड' म्हणतात. झेड स्वतः डॉक्टर होता. एकदा रुग्णाची छाती तपासायच्या बेतात असताना त्याला चाहूल लागली, पुढचं काही आठवेना. भानावर आल्यावर त्यानं पाहिलं तर मघाशी, शुद्ध नसताना, आपल्याच हातानं कागदावर डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया असल्याचं निदान लिहिलेलं, आणि मग रुग्णाला परत तपासलं तर शुद्धीतलं निदानही तेच निघालं. झेडच्या मृत्यूनंतर मेंदू उघडला तेव्हा वासाशी नातं असलेल्या वळीमध्ये एक अगदी लहान मऊ पडलेला ठिपका सापडला. मी हे वाचलं तेव्हा मला आईच्या वह्या आठवल्या. तपासताना कधी ती जायची, आणि लाल पेन पुढे चालतच राहायचं, बरोबर, बरोबर, बरोबर. त्यातल्या काही खुणा चुकीच्या उत्तरांवर असायच्या. मी त्या गुपचूप खोडून दुरुस्त करायचे.

कार्बामाझेपिनच्या गोळ्यांनी सुरुवात झाली, हळूहळू वाढवत. पहिले दोन आठवडे तिला एकाचे दोन दिसायचे, जिन्यावर तोल जायचा. महिन्यातून पंधरा-वीस वेळा होणारं चार-पाचवर आलं. तेवढ्यानंही घर वेगळं झालं. गोळ्यांच्या वेळा भिंतीवर लिहिल्या, हरतालिकेच्या निर्जळी उपासाला आजीनं स्वतः सांगितलं, "गोळी चालते गं उपासाला, देवी काही म्हणत नाही." एक वेळ चुकली की दुसऱ्या दिवशी दूध करपायचं. पण चार-पाचच्या खाली ते आलं नाही. दुसरं औषध वाढवलं, मग तिसरं. अपस्मार असलेल्या साधारण तीनातल्या दोघांचे झटके औषधांनी थांबतात, आई तिसरी होती. योग्य निवडलेली दोन औषधं नीट घेऊनही झटके राहिले तर अपस्मार औषधाला दाद देत नाही असं मानावं, अशी व्याख्याच २०१० मध्ये जगभरच्या तज्ज्ञांच्या संघटनेनं केली, आणि अशा वेळी शस्त्रक्रियेचा विचार होतो. आम्हाला तिथवर पोचायला आठ वर्षं लागली. त्या वर्षांत माझी दहावी, बारावी, पदवी झाली, आणि वाईतलं कुठलंही लग्न, कुठलीही सहल मी आईच्या उजव्या हाताकडे न बघता अनुभवली नाही.

२००० च्या सुरुवातीला कन्याकुमारी एक्सप्रेसनं आम्ही तिरुवनंतपुरमला गेलो, दोन रात्रींचा प्रवास. श्री चित्रा तिरुनल संस्थेत या शस्त्रक्रियांचा कार्यक्रम १९९५ मध्ये सुरू झाला होता. बाबा वाटेत फारसे बोलले नाहीत. त्यांनी कुठेतरी अमेरिकेतल्या 'एच. एम.' नावाच्या रुग्णाबद्दल वाचलं होतं; हेन्री मोलेसन हे त्यांचं पूर्ण नाव त्यांच्या मृत्यूनंतरच जगाला कळलं. १९५३ मध्ये झटके थांबावेत म्हणून त्यांच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढला आणि त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्या माणसाला नवीन जवळजवळ काहीच लक्षात राहिलं नाही. (२००० साली ते हयात होते. बाबा रेल्वेत बसून एका जिवंत माणसाच्या हरवलेल्या आठवणींची भीती बाळगत होते.) तिथल्या डॉक्टरांनी त्यांना कागदावर मेंदू काढून समजावलं. त्या एका माणसानं जगाला शिकवलं की दोन्ही बाजू कधीच काढायच्या नाहीत. आता आधी पाहतात की दुसरी बाजू एकटी भार पेलेल का. त्यासाठी मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीतून औषध सोडून अर्धा मेंदू काही मिनिटं झोपवायचा आणि उरलेल्या अर्ध्याला चित्रं दाखवून नंतर विचारायचं. आईनं त्या चाचणीत सगळी चित्रं ओळखली आणि परीक्षेला बसलेल्या मुलीसारखी खूश झाली.

पण सगळ्यात आधी होतं व्हिडिओ ईईजी. खोलीत एक पलंग, भिंतीवर कॅमेरा, आईच्या डोक्यावर तारा आणि वरून पांढरं बँडेज. गोळ्या कमी करायच्या आणि झटका यायची वाट बघायची. ज्याला आठ वर्षं लोटत होतो त्याला आता बोलवायचं. मला बेल दिली होती आणि काय करायचं ते शिकवलं होतं. हाक मार, हात वर करायला सांग, एक शब्द दे आणि नंतर विचार. तिसऱ्या रात्री अडीच वाजता आईनं मान वळवून विचारलं, "दूध करपलं का गं?" मी बेल दाबली. शब्द म्हणून माझ्या तोंडून "कृष्णा" आला. नदीच आठवली.

सकाळी आईनं ते चित्रण बघायचं म्हणून हट्ट धरला. तिला वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षापर्यंत जे एकट्या तिलाच कधी दिसलं नव्हतं ते पडद्यावर चालू झालं. ती खुर्चीत ताठ बसून बघत होती, वर्गात बसते तशी. पदर नव्हता, तर पडद्यावरची आई चादरीचं टोक चोळत होती. जबडा हलत होता. डावा हात लाकूड झाला होता. "मी अशी दिसते," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. थोड्या वेळानं म्हणाली, "पोरांनी हे बघितलं आणि कुणी घरी जाऊन सांगितलं नाही." मग पडद्यावर मी दिसले, तिच्या खांद्यावर हात ठेवून, ओठ हलवत. तिनं विचारलं, "तू काय पुटपुटतेयस?"

"पाढे."

"कधीपासून?"

मी उत्तर दिलं नाही. तिनं पडद्यावरची नजर काढली नाही, फक्त तिचा उजवा हात माझ्याकडे आला आणि माझ्या ओढणीचं टोक धरून बसला. शुद्धीत.

एमआरआयमध्ये उजवा हिप्पोकॅम्पस आक्रसलेला दिसला होता, पट्टी आणि चित्रण त्याच बाजूकडे बोट दाखवत होते. शस्त्रक्रिया झाली. कानापुढून वर जाऊन मागे वळणारी टाक्यांची रेघ, प्रश्नचिन्हासारखी. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, कॅनडातल्या एका चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले: असे ऐंशी रुग्ण, निम्म्यांना शस्त्रक्रिया, निम्म्यांना फक्त औषधं. वर्षभरात शुद्ध हरपणारे झटके पूर्ण थांबले ते पहिल्या गटात ५८ टक्क्यांचे, दुसऱ्यात ८ टक्क्यांचे. मी ते आकडे आईला वाचून दाखवले तेव्हा ती म्हणाली, "उरलेल्या बेचाळिसांचं काय?" तिचा असा प्रश्न मला अपेक्षित असायला हवा होता.

ती स्वतः अठ्ठावन्नांत निघाली. पण बरं होणं इतकं सरळ नव्हतं. डाव्या हाताला, वरच्या कोपऱ्यात तिला दिसत नाही. त्या वाटेवरचे नजरेचे धागे थोडे कापले जातात हे आधी सांगितलं होतं, तरी फडताळाचं दार तिच्या कपाळाला लागायचं. काही महिने ती फार उदास होती, सकाळी उठायची नाही. आम्ही सगळे तिला आनंदी बघायला टपलेलो आणि ती म्हणायची, मला एकटं सोडा. आम्हालाही मोकळं राहता येत नव्हतं. कुणी "दूध" म्हटलं की भाऊ स्टोव्हकडे वळायचा. घरात तोवर गॅस आला होता. एकदा तिनं मला सांगितलं, ते मी कुणाला सांगितलेलं नाही, की तो वास आल्यानंतरचा तो एक क्षण, सगळं ओळखीचं वाटण्याचा, तो तिला आवडायचा. "कुणीतरी आपलं माणूस दाराशी येऊन उभं राहिल्यासारखं वाटायचं. आता कुणी येत नाही." मी तिचा हात दाबला, पण माझ्या पोटात रागाचा गोळा आला होता. तव्यावरचा तो हात मी सोडवला होता. मग तो रागही ओसरला. तिचं होतं ते, चांगलं-वाईट सगळंच.

माझं लग्न ठरताना आत्या म्हणाली, आईचं काही बोलू नका. हिंदू विवाह कायद्यातून लग्नाला अडसर ठरणारा 'अपस्मार' हा शब्द १९९९ मध्येच वगळला गेला होता, लहानपणीच्या आकडीच्या व्रणातून आलेला हा आजार सहसा वारशानं उतरतही नाही, हे मी तिला समजावत होते. आईनं ऐकलं, काही न बोलता आत गेली आणि मुलाकडची माणसं आली तेव्हा चहाचा पहिला कप पुढे करतानाच म्हणाली, "माझी मेंदूची शस्त्रक्रिया झाली आहे. आधी मला फिट येत असे. विचारायचं असेल ते विचारा." माझ्या सासऱ्यांनी विचारलं, "कोणत्या वर्गाला शिकवता?"

त्या दिवशी वडापमधून उतरून घरी आले तेव्हा आई अंगणात फुलं वेचत होती. आता चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. मी तिला सगळं सांगितलं. ऐकताना तिची बोटं थांबली.

"नाक कोणत्या हातानं पुसलं?"

"डाव्या."

"म्हणजे डावीकडचं असेल. बहुतेकांची भाषा डाव्याच बाजूला असते, म्हणून बोलता येईना त्याला." मग म्हणाली, "मोजलंस?"

"नवाच्या आत."

"मग दीड मिनिटच थांबायचं होतं गं त्यांना. नुसतं थांबायचं. हात धरायचा नाही, पाणी पाजायचं नाही, रस्त्यावर जाणार नाही एवढं बघायचं आणि थांबायचं. पाच मिनिटांवर गेलं तर दवाखाना." आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, "आणि तू उतरली नाहीस."

"नाही."

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

पुढच्या मंगळवारी सकाळी ती चपला घालून दारात उभी होती. पाचवडला जायचंय म्हणाली. फाट्यावर उतरून आम्ही साताऱ्याच्या दिशेनं रस्त्याच्या कडेनं चालत गेलो, ती ट्रक जवळून गेला की माझा दंड धरायची. उसाच्या कडेची ती जागा मी ओळखली, तिथे अर्थातच कुणी नव्हतं. थोडं पुढे चहाची टपरी होती. आईनं बाकावर बसून टपरीवाल्याला विचारलं, मागच्या आठवड्यात, इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल. "त्यो व्हय," तो म्हणाला, "आमच्या वस्तीवरचाच हाय. हुशार पोरगं. पर त्याला बाहेरचं हाय म्हनत्यात. मधीच खुळ्यागत करतं. दोनदा नोकरीवरनं काढलं." आईनं पिशवीतून वही काढली. तिच्या गोल, शुद्धलेखनाच्या अक्षरात तिनं एक-एक ओळ लिहायला घेतली. मेंदूचे डॉक्टर. झोप मोडून ईईजी. एमआरआय. जवळच्या माणसानं बरोबर जावं आणि जे पाहिलं ते सांगावं. मोबाइलमध्ये चित्रण करता आलं तर करावं. तापात आकडी आली होती का, आईला विचारावं. खाली माझा फोन नंबर. टपरीवाला चहा विसरून, वाकून तिचं अक्षर बघत होता.

आईचं पेन मध्येच थांबलं. तिनं मान वळवली.

"दूध करपलं का गं?"

माझ्या छातीत काहीतरी खाली गेलं. माझी नजर तिच्या उजव्या हातावर गेली, पदर, बोटं, आणि ओठ आपोआप हलले, बे एके बे. पेन तिच्या हातात होतं, बोटं स्थिर होती, ती माझ्याकडे बघत होती, खरोखर माझ्याकडे. मग मलाही तो वास आला. टपरीवाला "आयला," म्हणत स्टोव्हकडे धावला, पातेल्याच्या काठावरून साय काळी होऊन उतरली होती.

"हो आई," मी म्हणाले. "करपलंय."